लांबून वाचता येईल असं

शिवांजली बोलायच्या आधी समोरच्याच्या खांद्याला हात लावते.

मागून हाक मारत नाही. वळसा घालून पुढे येते, आपलं तोंड दिसेल अशी उभी राहते आणि मग बोलते.

हसताना तोंडावर हात धरत नाही. घास गिळल्याशिवाय उत्तर देत नाही.

बाजाराची यादी इतक्या मोठ्या अक्षरात लिहिते, की एका कागदावर जेमतेम चार जिन्नस मावतात.

खोलीत शिरली की आधी दिवा लावते. दिवसासुद्धा.

दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स, एसटीच्या काचेवरची गावांची नावं लांबूनच वाचायला घेते. वाचता आली नाहीत, तर लिहिणाऱ्याला शिव्या घालते.

तिनं काही विचारलं आणि कुणी नुसतं ‘हो’ म्हटलं, की तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारते.

मिरजेत आम्ही एकाच खोलीत राहत होतो, म्हणून या सवयी मला दिसल्या. त्या कुठून आल्या हे कळायला मला तिच्या घरी जावं लागलं. आणि मी तिच्या घरी गेले ते एका पोस्टरसाठी.

माझं गाव सांगलीच्या पलीकडे. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि मिरजेत एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागले. शिवांजली कोरेगाव तालुक्यातली. ऊस, म्हशी आणि फौजेत गेलेली माणसं, एवढं तिच्या गावाबद्दल ती सांगायची. वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता शिरवळच्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक. ती मिरजेत कानाच्या आणि वाचेच्या उपचारांचं शिक्षण घेत होती. शेवटचं वर्ष होतं.

तिचा अभ्यासाचा विषय होता निवृत्त सैनिकांचं ऐकणं. कोरेगावच्या आसपासच्या गावांत तिनं शिबिरं घेतली होती. देवळात, शाळेत, जिथं शांत खोली मिळेल तिथं तिनं फौजी माणसांचे कान तपासले. तोफांच्या आवाजानं पुष्कळांचे गेले होते. बहुतेकांनी ते घरातही सांगितलं नव्हतं. पेन्शनच्या जोडीला गेटवरची नोकरी होती, आणि ऐकू न येणाऱ्याला गेटवर कोण ठेवतं?

सांगलीत परिषद होती. त्यात यंदा एक विभाग मराठी पोस्टरांचा होता. तज्ज्ञ नसलेल्या माणसाला उभ्या उभ्या वाचून समजेल असं पोस्टर करायचं होतं. तिच्या मॅडम म्हणाल्या, “माणूस पोस्टरपुढं हातातला चहा संपेपर्यंतच थांबतो. तेवढ्यात सांगून झालं पाहिजे.”

तिनं पहिला मसुदा मला दाखवला. अख्खा प्रबंध बारीक अक्षरांत चार रकान्यांत भरला होता. वर कॉलेजचं चिन्ह, खाली तक्ते, तक्त्यांच्या खाली तळटीपा.

“हे पोस्टर नाही,” मी म्हटलं. “सातबारा आहे.”

“मग वाच की. सातबारा वाचायला येत नाही तुला?”

“येतो. पण चहा गार होतो.”

ती हसली. तोंडावर हात न धरता.

मग आम्ही कापायला बसलो. तिनं एकच नियम केला. समोरच्या भिंतीपाशी उभं राहून जे वाचता येणार नाही, ते काढायचं. तक्त्यांच्या जागी एक आलेख आला. चार रकान्यांचे तीन झाले. फिकट निळ्यावर पांढरी अक्षरं होती ती गेली, पांढऱ्यावर काळी आली. रंग दोनच ठेवले. मजकुराच्या भोवती जागा मोकळी सोडली. शीर्षकात ‘सेवानिवृत्त सैनिकांमधील ध्वनिजन्य श्रवणक्षमता-ऱ्हासाचे सर्वेक्षण’ असं होतं. त्याचं थोडक्यात उपशीर्षक झालं आणि वर ‘तोफ थांबली, कान थांबले’ आलं. ते मी सुचवलं. तिनं ते मोठ्यानं वाचून बघितलं आणि टाइप केलं.

तरी काहीतरी कमी होतं. आकडे होते, माणूस नव्हता. तिनं एका संध्याकाळी खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट केली. चौकटीत राखाडी रंगाची डोकं आणि खांदे एवढीच आकृती ठेवली. चेहरा नसलेली. आणि शेजारी लिहिलं:

तो टीव्ही बघतो. ऐकत नाही.
फोन वाजला की बायकोच्या हातात देतो.
गेटवर हॉर्न ऐकू येत नाही. गाडीचे दिवे दिसतात.
कुणी काही विचारलं की ‘हो’ म्हणतो.
त्याला प्रश्न ऐकू आलेला नसतो.

मी एक शब्दही बदलला नाही.

“हा कोण?” मी विचारलं.

“सगळे. ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांची उत्तरं एकत्र केलीत.”

छपाई कोरेगावात करायची ठरली. ती शेवटची काही कागदपत्रं आणायला घरी जाणारच होती, आणि तिथला फ्लेक्सवाला तानाजी तिच्या ओळखीचा. पोस्टर घेऊन तिथूनच रेल्वेनं परत यायचं, दुसऱ्या दिवशी सांगली. शेवटचं मुद्रित तपासायला मी बरोबर गेले.

घरात शिरलो तेव्हा तिचे वडील पाठमोरे होते. सोप्यात टीव्ही चालू होता. मी म्हटलं, “नमस्कार, काका.” ते टीव्ही बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं. शिवांजलीची आई, बनुकाकू, चुलीकडून आल्या, माझ्या बाजूनं पुढे गेल्या आणि दिव्याचं बटण वरखाली केलं. काका लगेच वळले.

“या या! कवा आलासा?”

“आत्ताच. शिवांजली सांगत होती, तुम्ही आसामलापण होता म्हणे?”

“व्हय व्हय,” काका हसून म्हणाले. “जेवूनच जायाचं.”

मी शिवांजलीकडे बघितलं. ती दिव्याकडे बघत होती.

गावात त्यांना हंबीरराव फौजी म्हणतात. घरात आप्पा. मिशा राखलेल्या, पाठ ताठ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आवाज एवढा मोठा, की शेजारच्या घरात आपल्यालाच बोलावलं असं वाटावं. फोन वाजला. त्यांनी खिशातून काढला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि बनुकाकूंपुढं धरला. काकूंनी हात पदराला पुसून घेतला. “बोला, ते म्हसराकडं गेल्यात,” म्हणाल्या. आप्पा तिथंच समोर उभे होते. दोघांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. रोजचंच असावं.

संध्याकाळी आम्ही दोघी गोठ्यापाशी बसलो होतो. मी म्हटलं, “शिवा, आप्पांना—”

“आमच्या घरात कुणाला काही झालेलं नाही,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं म्हणाली, “आमच्या गावात शिबिर होतं, त्या दिवशी त्यांनी जादा ड्यूटी मागून घेतली. मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या बापलेकीची काम करायची पद्धत दिसली. तिनं पोस्टरचा मसुदा साध्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापून आणला होता. ते कागद एकाला एक जोडून तिनं गोठ्याच्या भिंतीला चिकटपट्टीनं लावले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, हापशाजवळ, प्लास्टिकची खुर्ची मांडली. आप्पा येऊन खुर्चीत बसले. मग वाचायला लागले. शाळेपासून तिचा प्रत्येक तक्ता ते असाच वाचत आलेत म्हणे. तिथून त्यांना जे वाचता येईल ते राहायचं. जिथं अडखळतील तिथं ती पेन्सिलीनं खूण करायची.

“लक्ष्य दिसतंय!” आप्पा ओरडले. “तोफ थांबली, कान थांबले. ह्ये झ्याक हाय. फुडं. निवृत्त सैनिकांमधील... श्रवण... श्रवणक्षमतेचा ऱ्हास.” ते थांबले. “म्हंजी काय गं?”

ती अंगण ओलांडून त्यांच्यासमोर गेली. “ऐकू कमी येणं.”

“मग तसं लिव की! कागदाला कसली लाज?”

तिनं खूण केली. आप्पा पुढे वाचत गेले. आलेखाशी आल्यावर डोळे बारीक केले.

“लय जणांचं हाय की गं. कोण कोण हैत?”

“नावं सांगायची नसतात, आप्पा. गुपित ठेवावं लागतं.”

त्यांचे डोळे तिच्या ओठांवर होते. “बराबर,” ते म्हणाले. “गुपित पायजेच.”

मग त्यांनी बोट केलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात भिंत तशीच दिसत होती.

“तितं काय?”

“ते अजून लिहायचंय,” ती म्हणाली.

तो कागद माझ्या पिशवीत होता.

आप्पा उठले. खुर्ची उचलून सावलीत ठेवली आणि म्हणाले, “बाकी फर्स्ट क्लास हाय. माणूस कितीबी लांब असू दे, वाचंल.” संध्याकाळी ते डबा घेऊन शिरवळच्या पाळीला गेले.

आम्ही फाइल घेऊन तानाजीकडे गेलो. कोरेगावच्या बाजाररस्त्यावर त्याचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दशक्रिया, सगळ्यांचे फ्लेक्स तोच करतो. त्यानं फाइल उघडली आणि खुर्चीत मागे रेलला.

“ताई, एवढी मोकळी जागा?”

“असू दे.”

“वाघ टाकू का मागं एखादा? फिकट करून टाकतो. अक्षराला काय होत न्हाई.”

“वाघ नको, तानाजीभाऊ.”

“मग सोनेरी बॉर्डर?”

“काहीच नको. लोकांना वाचता आलं पाहिजे.”

“फ्लेक्स कोण वाचतंय ओ?” तानाजी म्हणाला. “फ्लेक्स बघायचा असतोय. आता बघा, आप्पा रिटायर होऊन आले तवा मिरवणुकीचा फ्लेक्स मीच केलेला. एका बाजूला तोफ, एका बाजूला तिरंगा, मधी आप्पा. कुणी वाचला का? पण अजून लोक सांगत्यात.”

शिवांजलीनं पडद्यावर सगळं पुन्हा तपासलं. मी शब्द तपासले. तिनं ‘छापा’ म्हटलं. सकाळी घेऊन जातो, असं सांगून आम्ही निघालो. तोवर सगळं बरोबर होतं.

सकाळी बाजाराचा दिवस होता. आम्ही पिशव्या घेऊन टमटममधून चौकात उतरलो. तानाजीच्या दुकानापुढे नेहमी एखादा फ्लेक्स टांगलेला असतो. छापून झाला की शाईचा वास जाईपर्यंत तो समोरच्या लोखंडी गजांवर बांधून ठेवतो. रस्त्याच्या त्या टोकाला भाजीवाल्यांच्या वर एक पांढरा चौकोन दिसला.

शिवांजलीनं माझ्या खांद्याला हात लावला.

“वाचता येतंय,” ती म्हणाली. “बघ ना, इथनं वाचता येतंय.”

मीही वाचलं. तोफ थांबली, कान थांबले. आजूबाजूच्या सगळ्या रंगीत गर्दीत तेवढंच वाचता येत होतं. त्याच्यापुढं माणसं उभी होती. पिशव्या खाली ठेवून वाचत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

आम्ही जवळ गेलो.

खालच्या उजव्या कोपऱ्यात राखाडी आकृती नव्हती. तिथं आप्पांचा फोटो होता. गणवेशातला, छातीवर पदकं, मिशा पीळ दिलेल्या. आणि शेजारी आमच्या पाच ओळी. तो टीव्ही बघतो. ऐकत नाही.

तानाजी बाहेर आला, खूश होता.

“कसं झालंय, ताई?”

“हा फोटो...” मी म्हटलं.

“न्हाई, चौकट मोकळीच हुती ना? तुमी गडबडीत फोटो द्यायचा इसरलासा.” मग माझ्याकडे वळून समजावल्यासारखं म्हणाला, “आमच्याकडं असंच असतंय. लोकांचे फोटो यायचे राहत्यात. तवर तितं राखाडी माणूस ठिवायचा. फोटो आला की टाकायचा. आप्पांचा हुता माझ्याकडं. म्हटलं, पोरीचं एवढं शिक्षणाचं पोस्टर, बापाचा फोटो नको?”

“शेजारी काय लिहिलंय ते वाचलं का तुम्ही?” शिवांजलीनं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

तानाजी वळला आणि वाचायला लागला. त्याचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी ते थांबले.

“आयला,” तो म्हणाला.

मागं एक बाई कांद्यांचा भाव करत होती. पुढं उभी असलेली माणसं फोन वर धरून फोटो काढत होती. त्यांतले काही शिरवळला पाळीवर जाणारे होते. शिवांजलीनं त्यांना ओळखलं. त्यांनीही तिला ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

“आप्पा इथं आले होते?” तिनं विचारलं.

तानाजी दुकानाच्या पायरीवर बसला होता. “मगाशी. एसटीतनं उतरले, त्या बाजूला उबे ऱ्हायले. मी हात केला. लय वेळ वाचत हुते. मग हिकडं आले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘लांबनं चांगलं वाचता येतंय रं.’” तानाजीनं मान खाली घातली. “मला वाटलं, खूश हैत.”

तिनं गजांच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. गाठी घट्ट होत्या. तानाजी कात्री घेऊन आला. “ताई, दुसरा काढतो. फोटो काढून. लगीच देतो, गाडी चुकायची न्हाई.” ती नको म्हणाली. फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेतली आणि स्टेशनच्या उलट्या दिशेनं चालायला लागली.

घरी आप्पा सोप्यात बसले होते. टीव्ही बंद होता. गणवेश अजून अंगावर होता. बनुकाकू दारातच आडव्या आल्या. त्यांच्या माहेरच्या कुणाचा तरी फोन येऊन गेला होता.

“एवढं शिकलीस,” त्या म्हणाल्या, “आन् बापाला नेऊन बाजारात टांगलंस?”

“आई, फोटो मी न्हाई दिला.”

“लिवलं कुणी? टीव्ही बगतो, फोन बायकूला देतो. कुणाच्या घरातलं हाय त्ये?” काकूंचा आवाज चढत नव्हता. उलट खाली जात होता. “माझ्या कानानं चाललं हुतं त्यांचं. एवढी वर्सं. गावात कुणी म्हणलं न्हाई, की फौजी भैरा हाय. म्हाईत हुतं समद्यास्नी. पर कुणी म्हणलं न्हाई.”

शिवांजली त्यांच्या बाजूनं आत गेली. वडिलांच्या समोर जमिनीवर बसली. तोंड दिसेल अशी.

“आप्पा,” ती म्हणाली, “तो फोटो मी दिला न्हाई. आन् ते तुमच्याबद्दल न्हाई. सगळ्यांबद्दल हाय.”

आप्पा तिच्याकडे बघत होते. तिच्या ओठांकडे की डोळ्यांकडे, ते मला दारातून कळत नव्हतं.

“व्हय,” ते म्हणाले.

ती थांबली. मग तेच दुसऱ्या शब्दांत म्हणाली. “आप्पा, तानाजीनं चुकून टाकला. मला म्हाईतच नव्हतं.”

“व्हय,” आप्पा पुन्हा म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं होतं की नाही, हे सांगता येत नव्हतं. ती आणखी थोडा वेळ तशीच बसली. मग उठली, पिशवीतून कागद काढला आणि मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं. त्यांच्यापुढं धरला. आप्पांनी कागद बघितला नाही. उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

मी एकटी परत आले. तिची वाट बघायची म्हणून दुसऱ्या दिवशी सांगलीला गेले. परिषदेच्या दालनात बोर्डांच्या रांगा होत्या. प्रत्येक बोर्डाला पोस्टर होतं आणि प्रत्येक पोस्टरला बारीक अक्षरांचे चार रकाने. लोक हातात कप घेऊन पुढे पुढे जात होते. तिच्या नावाचा बोर्ड शेवटपर्यंत मोकळा राहिला. मॅडमनी मला विचारलं, “काय झालं?” मी शिवांजलीला फोन लावला तर तो बनुकाकूंनी उचलला आणि म्हणाल्या, “ती म्हसराकडं गेलीया.”

पुढचं मला काकूंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. फोटो फिरत फिरत शिरवळला पोचला होता. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या ठेकेदाराचा फोन आला. नेहमीसारखा तो काकूंनी घेतला. कानाची तपासणी करून चिठ्ठी आणा, मग कामावर या, असा निरोप होता. हा निरोप काकूंना आप्पांना सांगावा लागला. मधे कुणी नव्हतं, दुसरं काही बोलून वेळ मारून नेण्यासारखं नव्हतं.

“तपासणी कशाला?” आप्पा म्हणाले. “पोस्टर लागलंय की.”

ते शिरवळला गेले. धुऊन इस्त्री केलेला गणवेश, शिट्टी आणि काठी देऊन आले. शिवांजलीनं सांगितलं, यंत्र बसवता येईल, यंत्र लावून तपासणी देता येईल, तिच्या मॅडम स्वतः बघतील. मिरजेला चला. आप्पा ‘व्हय’ म्हणाले. अजून गेले नाहीत.

तीही मिरजेला आली नाही. तिचे कपडे, पुस्तकं, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक, सगळं खोलीत आहे. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत जवळ आली आहे. मॅडम मला विचारतात. मी त्यांना काय सांगू? एक चूक झाली असं म्हणावं, तर ती तानाजीची होती आणि ती मायेनं केलेली होती. पोस्टर वाईट झालं असं म्हणावं, तर तसं पोस्टर मी दुसरं बघितलेलं नाही. मी अजून त्या रस्त्याच्या टोकाला उभी असल्यासारखी आहे. माझ्या खांद्यावर हात आहे आणि ती म्हणते आहे, वाचता येतंय.

गेल्या आठवड्यात मी तिचे काही कपडे घेऊन कोरेगावला गेले. उतरल्यावर चौकातून गेले. तानाजीच्या गजांवर काही टांगलेलं नव्हतं. फ्लेक्स आता आतच वाळवतो, असं त्यानं सांगितलं. त्यानं आप्पांचं विचारलं. मग म्हणाला, “आता आदी समदं वाचून घेतो. लय वेळ जातोय.”

घराच्या मागं कडब्याची गंज होती. तिच्यावर आमचा फ्लेक्स पसरला होता. पाठ वर, अक्षरं खाली. चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. तो आप्पांनीच टाकला होता. मोठा आणि मजबूत आहे, पाणी आत जाणार नाही, असं बनुकाकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यांनी माझ्याशी बोलताना आप्पांकडे बघणं सोडलं होतं. आता फोन वाजला तर तो वाजत राहतो. आप्पा तो कुणाच्या हातात देत नाहीत. दिव्याचं बटण कुणी वरखाली करत नाही. आप्पा आता ‘व्हय’ही म्हणत नाहीत. विचारलं तर नुसते बघतात.

शिवांजली गोठ्याच्या भिंतीपाशी होती. हाताला शेण लागलेलं होतं. ते पुसून तिनं माझ्या खांद्याला हात लावला.

भिंतीवर पुन्हा कागद लावलेले होते, एकाला एक जोडून. नवा मसुदा होता. ‘श्रवणक्षमतेचा ऱ्हास’ कुठंच नव्हता. ऐकू कमी येणं, असं लिहिलं होतं. आलेख लहान झाला होता. कुठं जायचं, तपासणीत काय करतात, यंत्र कसं मिळतं, ते मोठ्या अक्षरांत आलं होतं. शीर्षक तेच होतं.

“परिषद तर झाली,” मी म्हटलं. “हे कुणासाठी?”

“शिरवळसाठी. गार्ड जिथं डबा खातात तिथं लावायचं. एकटे आप्पाच नाहीत.”

“लावू देतील?”

“माहीत नाही. आधी वाचता तर आलं पाहिजे.”

हापशाजवळ प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. ती रोज सकाळी मांडते आणि संध्याकाळी आत नेते.

“बसतात?”

“नाही.”

खालच्या उजव्या कोपऱ्यात भिंत दिसत होती.

“चौकट ठेवणार आहेस?”

“हो. पण मी लिहिणार नाही. तूही नाही.” तिनं त्या जागेवरून हात फिरवला, धूळ झाडल्यासारखा. “आप्पांनी सांगितलं तर लिहायचं. ते म्हणतील तसंच. मग त्यांनाच वाचायला लावायचं.”

“विचारलंस?”

“कागदावर लिहून दिलंय. त्यांनी घडी करून खिशात ठेवला.”

तेवढ्यात आप्पा डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन अंगणात आले. आम्हाला बघितलं. मला हात केला. खुर्चीजवळ आल्यावर त्यांनी भारा खाली टाकला आणि पाठ सरळ केली. भिंतीकडे बघितलं. त्यांचे डोळे वरच्या ओळीवरून सुरू झाले आणि डावीकडून उजवीकडे, ओळीओळीनं खाली येत गेले. ओठ हलले नाहीत. शिवांजली पेन्सिल हातात धरून उभी होती. ते मोकळ्या कोपऱ्याशी आले. तिथं थांबले.

मग त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली, भारा ओढत गोठ्यात नेला आणि सोडायला लागले.

ती पेन्सिल कानावर अडकवून त्यांच्या मागून आत गेली, धार काढायला. मोकळ्या कोपऱ्यातला शेवटचा कागद लावायचा तेवढा राहिला होता. त्यासाठी तिनं चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून, वरच्या टोकानं भिंतीला अडकवून ठेवले होते. ते वाऱ्यानं हलत होते. त्यांच्या चिकट बाजूला कडब्याची कुसं लागली होती.